बुचाची बाटली पोटात, आट्यांची अंगावर

मित्रांनो, मी एक जुनं बूच आहे आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं हसायचं असेल तर तुम्ही मोकळे. भीती मला आत्ता आत्ता लागलेली नाही, बाटलीच्या तोंडात पहिल्यांदा बसलो त्या दिवसापासूनची आहे. पण शेवटी शेवटी मी जो घाबरलो, तसं कुणावर न येवो. तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिकडे एक झाड असतं, त्याची साल दोन बोटं जाड आणि वजनाला एकदम हलकी. नऊ-दहा वर्षांतून एकदा माणसं कुऱ्हाडीनं ती साल अलगद सोलतात. झाड मरत नाही, पुन्हा नवी साल धरतं. सोललेली साल उकळतात, वाळवतात आणि धारदार नळीनं तिच्यातून गोल गोल तुकडे काढतात. तसा मी निघालो. जहाजातून आलो, पोत्यातून आलो, आणि नाशिककडच्या एका कारखान्यात येऊन पडलो. तिथं द्राक्षांची दारू करत. ती मोठ्यांची गोष्ट, तुमच्या-माझ्या कामाची नाही. मला काम एकच होतं. आतला थेंब बाहेर सोडायचा नाही आणि बाहेरचं वारं आत शिरू द्यायचं नाही.

यंत्रानं मला चारही बाजूंनी असं आवळलं की मी करंगळीएवढा झालो, आणि धाडकन हिरव्या बाटलीच्या गळ्यात ढकललं. आत गेल्यावर मी फुगलो आणि बसलो तो बसलोच. शेजारच्या रांगेत मात्र निराळाच थाट होता. तिकडच्या बाटल्यांना पत्र्याची झाकणं होती, आतून आटे पाडलेली. कर्रकन एक वेढा दिला की बाटली बंद, उलटा वेढा दिला की उघडी! ना आवळणं ना ढकलणं. ही आट्यांची झाकणं भारी चुरुचुरु बोलायची.

"तुमच्यात एखाद्याच्या अंगात बुरशीचा वास असतो म्हणे," त्यांतलं एक मला म्हणालं, "आणि तो एकटा सगळ्या बाटलीची माती करतो. आम्हाला नाही बाबा असलं काही. आम्हाला ना वास येत, ना वास लागत."

झालं! माझी झोप उडाली. दोन वर्षं मी अंधाऱ्या कोठारात आडवा पडून होतो, कारण बूच ओलं राहावं म्हणून आमच्या बाटल्या आडव्या ठेवतात. त्या दोन वर्षांत मी शेजारच्या बुचाला किती वेळा विचारलं असेल, "मला वास येतो का रे? खरं सांग, येतो का?" ते बिचारं कंटाळून गेलं. पण माझ्या मनातून जाईना. मी जे राखतोय, तेच माझ्यामुळं नासलं तर?

मग एका दिवाळीत ती बाटली कारखान्याचा माल नेणाऱ्या अंगद नावाच्या ट्रकवाल्याला बक्षीस मिळाली. अंगद बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडचा. गावाबाहेर मेंढपाळांची वस्ती आहे, तिथं त्याचं घर. घरी आल्यावर त्यानं बाटली बाजेवर ठेवली आणि मला दोन बोटांत धरून फिरवायला लागला. डावीकडं फिरव, उजवीकडं फिरव. माझी मान मोडायची वेळ आली.

त्याचा बाप बंकट शेजारीच विडी ओढत होता. तो म्हणाला, "काय बे, कवाधरनं पिळायलास? आटेच न्हाईत की त्याला!"

"मग उघडायचं कसं, आबा?"

शेवटी बंकटनं एक लाकडात मारायचा स्क्रू आणला, माझ्या डोक्यात आरपार पिळला आणि पक्कडीनं धरून मला उपसून काढलं. मित्रांनो, ते भोक आजही माझ्या पोटात आहे. बापलेकांनी एकेक घोट घेतला आणि दोघांचीही तोंडं वाकडी झाली. "आंबट ढान्न! याला बक्षीस म्हनायचं का शिक्षा?" म्हणत बंकटनं अख्खी दारू लिंबाच्या बुडाशी ओतली. मी मात्र हादरलो. माझ्याच वासानं नासली असेल का? ती मुळातच तशी असते, हे मला कोण सांगणार?

पण अंगदची आई रतनबाई हिनं बाटली उचलली, हातानं चाचपली आणि म्हणाली, "काच लई जाड हाय. मेंढीनं चावली तरी फुटायची न्हाई. फेकू नगा, मला ऱ्हाऊ द्या."

तिथून माझे सुखाचे दिवस सुरू झाले.

रतनबाई ओव्याचा काढा करायची. ओवा, सुंठ, काळं मीठ, आणि काय काय ते तिचं तिलाच ठाऊक. कोकराचं पोट फुगलं की बाटलीची लांब मान त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यातून आत घालायची आणि काढा पाजायची. अर्ध्या तासात कोकरू टणाटणा उड्या मारायचं. माणसांनाही तोच काढा, फक्त चमच्यानं. वस्तीवरच्या बायका पोरं काखोटीला मारून यायच्या. "रतनबाई, बुचाच्या बाटलीतलं द्या की थोडं." माझ्या नावानं औषध मागायच्या, मित्रांनो! कारखान्यातल्या त्या पत्र्याच्या झाकणानं ऐकायला हवं होतं.

रतनबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की ती पदर तोंडावर घ्यायची. "डोळ्यात सुई? नगं गं बाई!" तीही माझ्यासारखीच भित्री. तपकीर ओढून ओढून नाकही मेलेलं, वास म्हणून येत नव्हता. पण हात असा हुशार की अंधारात मेंढ्या ओळखायची. त्या हातांसाठी तिनं घरात एक नियम करून ठेवला होता. काढा नेहमी बुचाच्या बाटलीत, आणि गोचीड मारायचं औषध नेहमी आट्यांच्या बाटलीत. ते औषध मेंढ्यांच्या अंगाला चोळायचं. जहर ते, पोटात गेलं तर घात. म्हणून ती बाटली बाहेर मेंढवाड्याच्या खुंटीला टांगलेली, आणि मी आत चुलीशेजारच्या कोनाड्यात.

"बुचाची बाटली पोटात, आट्यांची अंगावर," ती सगळ्यांना बजावायची. सुनेला, लेकाला, नवऱ्याला. पाच वर्षांच्या नातीलासुद्धा. ऋतुजा ते गाण्यासारखं म्हणत अंगणभर नाचायची.

कधी माझी बाटली मेंढवाड्यात गेली की ते दुसरं झाकण भेटायचं. हे काही कारखान्यातलं टवाळ झाकण नव्हतं. गंजून तांबडं झालेलं, कष्टानं वाकलेलं होतं बिचारं. "तुझं बरंय," ते एकदा म्हणालं, "तू काढा राखतोस. मी जहर राखतो. माझे आटे झिजत चाललेत रे. एक दिवस गळणार मी." मी त्याला धीर द्यायला हवा होता. पण मला नुसतीच धडकी भरली.

आणि तो दिवस आलाच. कापूस वेचणीचे दिवस होते. बंकट मेंढरं घेऊन माजलगावच्या धरणाकडं चार दिवसांसाठी निघाला होता. मेंढरं फाटकाबाहेर ओरडत होती, बरोबरचा अजिनाथ हाका मारत होता. बंकट काठी घ्यायला मेंढवाड्यात आला तर खुंटीखाली जमीन ओली. आट्यांचं झाकण कुचकामी झालेलं, औषध थेंबथेंब गळत होतं. त्यानं झाकण आवळून पाहिलं, ते नुसतंच गोल गोल फिरलं.

मी तिथंच होतो. आदल्या दिवशी एका कोकराला काढा पाजून रतनबाईनं बाटली धुऊन तिथंच पालथी घातली होती. बंकटची नजर माझ्यावर पडली.

"बूच घट्ट हाय," तो स्वतःशीच म्हणाला. "थेंब गळायचा न्हाई."

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य हेच कौतुक ऐकायची वाट बघण्यात गेलं होतं. पण त्या दिवशी मी मनात ओरडलो. नको, बंकटराव! मी नको! त्यानं ते तपकिरी औषध माझ्या बाटलीत ओतलं, मला अंगठ्यानं गच्च दाबलं, बाटली खुंटीला टांगली आणि निघाला. फाटकातून वळून म्हणाला, "अगं ए..." रतनबाईला सांगणारच होता. तेवढ्यात एक मेंढी भलत्याच शेतात घुसली. तो तिच्यामागं पळाला, तसाच पुढं गेला.

माझ्या बुडाला जहर लागलं. मी सालीचा, मी शोषून घेणारच. त्या स्क्रूच्या भोकातून ते वर वर चढायला लागलं. कधी काळी मी वासाला भीत होतो, आता मी स्वतःच जहर पीत होतो.

तरी मी स्वतःची समजूत घातली. बाहेर टांगलेला आहेस ना? इथं आहेस तोवर सगळे तुला अंगावरचंच औषध समजतील. नुसता गप्प लटक.

दुपारी सुनिता आली. सुनिता म्हणजे अंगदची बायको. कामाला वाघीण आणि नीटनेटकी. कापूस वेचून आलेली, तरी तिनं मेंढवाडा झाडायला घेतला. खुंटीवर बुचाची बाटली दिसली, तीही भरलेली. "आत्याबाईंनी काढा करून ठिवला अन् हितंच इसरल्या वाटतं," ती म्हणाली. तिनं बाटली आत नेली आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात जागच्या जागी ठेवली. नियम म्हणजे नियम. बुचाची बाटली पोटात.

मी किती ओरडलो असेन! पण बुचाला तोंड बंद करता येतं, उघडता येत नाही.

संध्याकाळी रतनबाईचा हात कोनाड्यात फिरला. बाटली भरलेली लागली तशी ती म्हणाली, "सुनितानं काढा बी करून ठिवला का! गुणाची हाय पोर." दोघींनाही वाटलं की काढा दुसरीनं केला. विचारायचं काय त्यात? घरात एकमेकींची कामं करतातच की.

पहिली रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कोकराचं पोट फुगलं. रतनबाईनं मला उचललं, कोकराला मांडीत दाबलं आणि मला उपसायला बोटं लावली. माझ्यात प्राण असता तर तो तेव्हाच गेला असता. पण कोकरानं मोठी ढेकर दिली, लाथ झाडली आणि सुटून पळालं. "आपसूकच बरं झालं म्हना," ती हसली आणि बाटली पुन्हा ठेवून दिली. मी दिवसभर सावरलो नाही.

त्या दिवशी मी ठरवलं. मला ओरडता येत नाही, पळता येत नाही, बाटलीवर काही लिहिता येत नाही. मला एकच गोष्ट येते, फुगून घट्ट बसणं. तर मी असा बसेन की कुणालाच निघणार नाही. बंकट परत येईल, बाटली बघेल, त्याला आठवेल. तेवढे दोन दिवस मला काढायचे होते. मी अंगातली असेल नसेल तेवढी ताकद लावून काचेला चिकटलो.

तिसरा दिवस. उन्हं डोक्यावर होती. सुनिता कापसात गेलेली, अंगद ट्रकवर, घरात रतनबाई आणि ऋतुजा दोघीच. ऋतुजा बोरीखालून आली ती पोट धरूनच.

"आजी, लई दुखायलंय गं!"

"हिरवी बोरं खाल्लीस ना? कितींदा सांगितलं तुला! ऱ्हाऊ दे, रडू नगं. काढा देते, आत्ता थांबंल बघ."

पोरगी जमिनीवर गडाबडा लोळत होती. रतनबाईचा हात कोनाड्यात आला. मला वाटलं, हात चुकावा. बाटली पडावी, फुटावी, काही तरी व्हावं. काहीच झालं नाही. तो हात कधी चुकला होता?

तिनं बाटली मांडीत धरली आणि नेहमीसारखं मला दोन बोटांत धरून ओढलं. मी हललो नाही. पुन्हा ओढलं. नाही. "बाई गं, गाडलंय जनू," ती पुटपुटली. पदरात धरून ओढलं. नाही! मित्रांनो, मला क्षणभर वाटलं की जमलं.

मग तिनं मला दातांत धरलं. पुढचे दोनच दात राहिले होते तिला, पण मेंढ्यांच्या दोऱ्या सोडून पक्के झालेले. तिनं मान मागं घेतली, हिसका दिला आणि मी फट्कन सुटलो.

हरलो. जन्मभर एकच काम केलं आणि ज्या दिवशी ते खरोखर करायचं होतं, त्या दिवशी मी सुटलो.

एका हातात बाटली, एका हातात चमचा. मला ठेवायला तिसरा हात कुठून आणणार? मला तिनं तसंच दातांत आडवं धरून ठेवलं आणि चमच्यात औषध ओतलं. घसघशीत, भरून. ऋतुजा उठून बसली होती. तिनं आजीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, तोंड उघडलं आणि चमचा स्वतःकडं ओढायला लागली.

मला डोळे मिटता येत नाहीत. मी सगळं बघत होतो. भीतीनं म्हणा किंवा दातांच्या दाबानं म्हणा, माझ्या पोटातल्या भोकात भरलेलं ते जहर बाहेर आलं आणि रतनबाईच्या ओठावर उतरलं.

ती थांबली. ओठ चरचरला, जिभेचं टोक कडू झालं, आणि ओठावर मुंग्या धावल्या. ओव्याच्या काढ्यानं मुंग्या येत नाहीत. हे तिच्या डोळ्यांना कळलं नव्हतं, नाकाला कळलं नव्हतं, पण जिभेला कळलं. चमचा ऋतुजाच्या ओठांपासून बोटभर लांब असेल. रतनबाईनं अख्खा हातच झाडला. चमचा भिंतीवर आपटला. मला तिनं थुंकून टाकलं, मी गडगडत धान्याच्या कणगीखाली गेलो.

"गिळलंस का? ए पोरी, काय गिळलंस का? बोल!" ती ऋतुजाचं तोंड पदरानं पुसत होती, बोट घालून बघत होती. ऋतुजा पोटदुखी विसरून भेदरून रडायला लागली. "न्हाई गं आजी! दिलंच कुठं तू!"

रतनबाईनं तांब्या ओढला. चुळा भरत होती आणि हाका मारत होती, "सुनिता! अगं सुनिता! धाव!" तांब्यातलं पाणी निम्मं अंगावर सांडत होतं.

शेजारची भामाबाई धावली, शेतातून सुनिता आली, कुणाच्या तरी मोटारसायकलवर आजी-नातीला गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. पोरीच्या पोटात काही गेलं नव्हतं. रतनबाईचे ओठ मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत बधिर राहिले. मी कणगीखाली अंधारात पडून होतो आणि रिकाम्या घराला कान लावून होतो. रात्री उशिरा ऋतुजाचा आवाज ऐकला, ती शेवेचं पुडकं मागत होती, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

फोन गेला तसा बंकट मेंढरं अजिनाथवर सोपवून आला. दारातच बसला. आत यायची हिंमत होईना त्याची.

"मीच भरलतं गं," तो म्हणाला. "आट्याचं गळायलतं. म्हनलं बूच घट्ट हाय. तुला सांगणार व्हतो, अन् ऱ्हाऊनच गेलं." आणि एवढा मोठा माणूस, पोरासारखा हमसून रडला.

"आत मी आनली, आबा," सुनिता म्हणाली. "मला कावून सुचलं न्हाई विचारायचं?"

रतनबाई नातीला पोटाशी धरून बसली होती. ती म्हणाली, "मी बी न इचारता वतलंच की."  ओरडणारं कुणी असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वस्ती जमली. आणि मित्रांनो, माझं कौतुक सुरू झालं! पत्र्याचं झाकण असतं तर तिनं ते जमिनीवर ठेवलं असतं, ओठाला काही लागलंच नसतं. बूच होतं म्हणून दातांत धरलं, बुचानं जहर धरून ठेवलं म्हणून कळलं. बुचानं पोरगी वाचवली! बायका हात जोडायला लागल्या. बंकट तर हळद-कुंकवाची वाटी घेऊन उभा राहिला. "कुठंय ते बूच? देव्हाऱ्यात ठिवतो मी त्याला. खंडोबाच्या शेजारी."

कारखान्यातल्या दिवसांत मला हे कुणी सांगितलं असतं तर मी फुगून बाटली फोडली असती. पण त्या क्षणी मला दरदरून घाम फुटायचा तेवढा बाकी राहिला. कारण माझ्या भोकात अजून ते जहर होतं. मला ते दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. हळद-कुंकू लावून मला देव्हाऱ्यात ठेवणार, आणि पोरं देव्हाऱ्यातलं काय काय उचलून तोंडात घालतात ते तुम्हाला माहीत आहे. मी कणगीच्या खाली आणखी मागं सरकायची धडपड केली. सरकणार कसा? मी बूच.

कणगीखाली मोठ्यांचे हात पोचत नव्हते. ऋतुजाचा पोचला.

"सापडलं! मला सापडलं!" तिनं मला मुठीत धरलं आणि नाचत निघाली. सगळे हसले. सुनितासुद्धा हसली. बंकटनं कुंकवात बोट बुडवलं. ऋतुजा मला दोन्ही हातांत घोळवत होती, हुंगत होती, आणि मी आतल्या आत फुटत होतो. नको बाळ. टाक मला. टाक!

"ऋतुजा." रतनबाईचा आवाज होता. "हितं ये. माझ्या हातावर ठिव ते. बोटं तोंडात घालू नगं, सांगून ठिवते."

माझ्या अंगावरून तिचा तो हुशार हात फिरला. तिनं भोक चाचपलं, अंगठ्यानं दाबलं. अंगठा ओला झाला. 

"आन, कुंकू लावतो," बंकट म्हणाला.

"लावा. पर देव्हाऱ्यात न्हाई ठिवायचं."

"कावून? त्यानं पोरगी वाचवली आपली!"

"वाचवली. लई उपकार झाले त्याचे." तिनं मला कपाळाला लावलं, तोंडाला लागू न देता. "पर आता ह्येच जहर हाय. देव म्हनून ठिवलं तर पोरगी हात लावंल, अन् तोच हात तोंडात जाईल. मला रातभर झोप लागली न्हाई. रोज तसं भ्यायचं व्हईना माझ्याकडनं. खड्डा काढा."

बंकटनं कुंकवाची वाटी खाली ठेवली. मी मात्र, मित्रांनो, पहिल्यांदाच एकटा नव्हतो. आयुष्यभर मी ज्याला भीत आलो होतो ते या बाईनं अंगठ्यानं ओळखलं होतं. तिनं माझ्यावर दया दाखवली नाही, म्हणून मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

विहिरीपासून लांब, बाभळींच्या पलीकडं बंकटनं कंबरेएवढा खड्डा काढला. बाटली, गंजलं झाकण, तो चमचा आणि मी, सगळे त्यात गेलो. ऋतुजाचे हात रतनबाईनं साबणानं तीन वेळा धुतले. बंकटनं दुसऱ्याच दिवशी औषधासाठी कुलपाची पेटी आणली आणि किल्ली सुनिताच्या गळ्यात गेली. आणि रतनबाई? पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या ऑपरेशनला गेली. थरथर कापत गेली, पण गेली.

आता मी मातीत आहे. माझ्यासारख्या इतर जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला कपाटात ठेवा, विसरू नका. मी तसलं काही मागणार नाही. माझं मागणं एवढंच. आज घरी गेल्यावर मोठ्यांना विचारा, कुठल्या बाटलीत काय आहे. पिण्याच्या बाटलीत कधी औषध भरू देऊ नका, एका दिवसासाठीसुद्धा नाही, झाकण कितीही घट्ट असो. आणि कुणी भरलंच तर ते सगळ्यांना ओरडून सांगा. तुम्हाला तोंड आहे.

वरून कधी कधी पावलं वाजतात. ऋतुजाच असते. मेंढरामागं येते आणि बाभळीपाशी उभी राहून विचारते, "आजी, माझं बूच कुठं पुरलंय गं? मला एकदा बघायचंय."

तेव्हा मी मातीखाली श्वास धरून ऐकत राहतो. रतनबाई, तिला जागा सांगू नका. कधीच सांगू नका.